पेन्सिल नळीतच राहिली

उणे १९ अंशांत रायफल हातात घेतली, बोल्ट (काडतूस नळीत सरकवणारा मागचा लोखंडी भाग) मागे ओढला आणि काहीतरी बिनसलंय हे तळहातालाच कळलं. मौझर या जुन्या जर्मन बनावटीच्या रायफलीचा बोल्ट एरवी जुन्या सागवानी खणासारखा सैल, खडखडत सरकतो. त्या सकाळी तो काकवीतून ओढल्यासारखा आला. नळी आणि मॅगझिन रिकामं आहे हे डोळ्याने पाहिलं, बोटाने चाचपलं, बोल्ट पुढे लोटला आणि चाप दाबला. कोरडा ‘टण्’ यायला हवा होता. आला तो ‘थप्प’ असा आवाज.

एप्रिलचा तिसरा आठवडा होता. ठिकाण नॉर्वेच्या ताब्यातल्या, आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरचं न्यू-ओलेसुंड, ७८ अंश ५५ मिनिटं उत्तर. भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र इथे २००८ पासून आहे आणि त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. त्यामुळे या टोकाला मराठी-कोकणी कानावर पडणं तसं नवलाचं नाही. आमची तुकडी वेगळी, चार जणांची: हिमनदीवर काम करणारे दोघे, सिंधुदुर्गातला एक संशोधक विद्यार्थी आणि रायफल सांभाळायला मी. हिवाळ्यात हिमनदीवर किती बर्फ साठला ते मोजायचं होतं. हे मोजमाप वितळ सुरू होण्याआधी, एप्रिल-मेमध्येच करावं लागतं.

वस्तीबाहेर पाऊल टाकताना ध्रुवीय अस्वलाला पळवून लावण्याचं साधन जवळ असणं इथे कायद्याने बंधनकारक आहे, आणि बंदूकही असावी असा प्रशासनाचा सल्ला आहे. अस्वलाच्या शिकारीवर १९७३ पासून बंदी आहे. म्हणजे ही रायफल शिकारीची असली, तरी तिने शिकार करायची नसते. ती उडण्याची वेळ येऊ नये म्हणून बाकीची सगळी व्यवस्था असते, आणि वेळ आलीच तर तिने पहिल्याच चापाला उडायचं असतं.

आवाजावर विसंबून चालत नाही, म्हणून पेन्सिलची चाचणी घेतली. आमची रायफल .३०-०६ मापाच्या काडतुसाची. तिच्या नळीचा आतला व्यास ७.६२ मिलिमीटर, साध्या पेन्सिलीचा सुमारे ७. रिकाम्या रायफलीचा बोल्ट ताणून ती उभी धरायची, मागे खोडरबर असलेली पेन्सिल रबराकडून नळीत सोडायची आणि चाप दाबायचा. फायरिंग पिन (काडतुसावर ठोका देणारी बोल्टमधली सळई) नीट आदळली तर पेन्सिल नळीच्या तोंडातून उडून बाहेर पडते. आमची पेन्सिल आतच हलली आणि खाली बसली. एवढ्या ताकदीने काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीला जेमतेम खळी पडली असती, आत ठिणगी पडली नसती.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या गावी शेतीसंरक्षण परवान्याची बंदूक आहे. माकडं आणि रानडुकरांपासून बाग राखायची, आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात लोखंडाला एका रात्रीत तांब चढू नये म्हणून बंदूक सतत तेलात ठेवायची, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. आदल्या संध्याकाळी हिमनदीवरून आल्यावर त्याने रायफल उबदार खोलीत आणली, बोल्ट काढून आतबाहेर सढळ हाताने तेल दिलं, आणि झोपण्यापूर्वी ती परत बाहेरच्या थंड पेटीत ठेवली. कामाची आस्था होती, हवामान उलटं होतं.

यात एक नाही, दोन चुका एकत्र आल्या होत्या, आणि दोन्ही वेगवेगळ्या समजून घ्याव्या लागतात. पहिली तेलाची. बंदुकीचं नेहमीचं तेल उणे १५-२० ला घट्ट होतं. फायरिंग पिन बोल्टच्या पोकळीत, स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावते. भोवती घट्ट तेल असलं की स्प्रिंगची बरीचशी ताकद ते तेल कापण्यातच जाते आणि टोपीवर बसणारा ठोका मऊ पडतो. दुसरी चूक दवाची. थंडगार लोखंड उबदार खोलीत आणलं की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं त्याला पाणी सुटतं, तेही बोल्टच्या आत आणि चापाच्या यंत्रणेत, जिथे फडकं पोचत नाही. रायफल पुन्हा बाहेर गेली की त्या पाण्याचा बर्फ होतो. तेल काढलं तरी तो बर्फ राहतोच. म्हणून इथला रिवाज असा, की मोहीम संपेपर्यंत रायफल आणि काडतुसं बाहेरच्या थंडीतच, कुलपात राहतात. आत आणायचीच असेल तर पूर्ण आणायची, लोखंड खोलीइतकं गरम होऊ द्यायचं, सुटं करून आतून-बाहेरून कोरडं करायचं आणि मगच बाहेर न्यायची. अर्धवट ऊब सगळ्यात घातक.

राखीव रायफल दुसऱ्या तुकडीकडे गेलेली होती. त्यामुळे दोनच पर्याय होते: दिवस रद्द करायचा किंवा हीच दुरुस्त करायची. आम्ही तीन तास घालवले.

मौझर ९८ चा बोल्ट सुटा करायला अवजार लागत नाही, ही त्या जुन्या रचनेची मोठी देणगी. बोल्ट ताणलेला असताना सेफ्टीचा पंखा उभा, मधल्या जागी ठेवायचा. डाव्या बाजूचा बोल्ट-स्टॉप बाहेर ओढून बोल्ट काढायचा. मागच्या टोपणाशेजारची छोटी खुंटी दाबून टोपण डावीकडे फिरवत गेलं की फायरिंग पिन स्प्रिंगसकट बाहेर येते. तिचं टोक लाकडावर टेकवून स्प्रिंग दाबायची आणि मागचा तुकडा पाव फेरा फिरवून काढायचा. इथे हात घट्ट हवा. स्प्रिंग निसटली तर बर्फात कुठे गेली ते सापडत नाही आणि डोळ्यालाही इजा होते. आम्ही सगळे भाग ब्रेक क्लीनरने दोनदा धुतले, खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून लांब. चापाच्या यंत्रणेतही तोच फवारा मारला. मग सगळं खोलीच्या तापमानाला तासभर सुकू दिलं. पुन्हा तेल लावलंच नाही, फक्त बोल्टच्या पुढच्या दोन दातांच्या मागे बोटाने ग्रॅफाइटची भुकटी चोळली. बाहेर नेऊन रायफल अर्धा तास थंड होऊ दिली आणि पेन्सिल पुन्हा टाकली. ती नळीतून उडून माझ्या डोक्यावरून गेली. त्यानंतर गोळीबाराच्या मैदानावर दोन काडतुसं उडवली, वापरलेल्या टोप्यांवरच्या खळ्या खोल आणि मधोमध आहेत हे पाहिलं आणि मगच बर्फावर चालणाऱ्या, पट्ट्याच्या स्कूटर बाहेर काढल्या.

इथे बोअरचा, म्हणजे नळीच्या आणि काडतुसाच्या मापाचा, विषय निघतोच. स्वालबार्डमध्ये .३०८ आणि .३०-०६ च्या रायफली सर्वांत जास्त दिसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन फौजांच्या मागे राहिलेल्या मौझर नॉर्वेने .३०-०६ ला बदलून घेतल्या, त्यातल्या कित्येक अजून पाठीवर फिरतात. नव्याने येणारे विचारतात की .३७५ हॉलंड अँड हॉलंड का नाही? हिशेब सरळ आहे. .३०-०६ ची १८० ग्रेनची, म्हणजे पावणेबारा ग्रॅमची गोळी सुमारे ३,९०० जूल ऊर्जा घेऊन निघते. .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी साडेपाच हजारांच्या वर जाते. अलास्कात अमेरिकन वनखात्याने १९८३ साली अस्वलापासून संरक्षणासाठी जवळच्या अंतरावरून गोळ्या तपासल्या, तेव्हा मोठे बोअर वरच राहिले, पण २२० ग्रेनच्या जड गोळीसह .३०-०६ नेही चांगली कामगिरी केली. मात्र .३७५ चा खांद्याला बसणारा धक्का जवळपास दुप्पट. ज्याने वर्षाला वीस गोळ्याही झाडलेल्या नाहीत, तो पहिल्या बारानंतर डोळे मिटतो आणि दुसरा बार आभाळात जातो. रोज मोठी रायफल चालवणाऱ्या अलास्कातल्या वाटाड्याच्या हाती .३७५ शोभते. शास्त्रज्ञांच्या तुकडीला मी .३०-०६, जड, मऊ टोकाची (सॉफ्ट-पॉइंट) गोळी आणि दुर्बिणीऐवजी साधी माशी, म्हणजे नेम धरायचा नळीवरचा उंचवटा, हेच देईन. जवळ आलेलं अस्वल दुर्बिणीत नुसतं पिवळट केस म्हणून दिसतं.

वस्तीच्या हद्दीत भरलेली बंदूक चालत नाही. हद्दीबाहेर आल्यावर रायफल ‘अर्धी भरायची’. मॅगझिनमध्ये काडतुसं घालायची, सगळ्यात वरचं अंगठ्याने खाली दाबून धरायचं, बोल्ट त्याच्या वरून सरकवायचा आणि बोल्टचा दांडा खाली करताना चाप दाबून ठेवायचा, म्हणजे स्प्रिंग सैल राहते. नळी रिकामी, सेफ्टी मोकळी. संकट आलं की बोल्ट मागे आणि पुढे, झाली तयार. घाबरलेल्या हाताला सेफ्टी कुठे आहे ते शोधावं लागत नाही. ऑगस्ट २०११ मध्ये याच बेटांवर फॉन पोस्ट हिमनदीजवळ ब्रिटिश मुलांच्या तंबूत अस्वल शिरलं. तंबूभोवतीची धोक्याची तार वाजली नाही, रायफल सुरुवातीच्या प्रयत्नांत उडाली नाही, आणि १७ वर्षांचा एक मुलगा गेला. तरुण विद्यार्थ्यांना कामावर घेऊन जाताना हे विसरता येत नाही. नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावला की बर्फ आत जात नाही. गोळीच्या पुढची हवाच तो उडवते, नेम बदलत नाही. नळीत बर्फाचा बोळा राहिला तर मात्र नळी फाटते.

हिमनदीवर पोचायला दुपार झाली. स्कूटर नेहमीप्रमाणे तोंड उताराकडे करून लावल्या. तिघे खड्डा खणायला लागले. मी कामाला हात लावत नाही. दर काही मिनिटांनी दुर्बिणीतून पूर्ण वर्तुळ फिरायचं, एवढंच. राखणदाराने फावडं हातात घेतलं की राखण संपली.

दोन वाजून दहा मिनिटांनी खालच्या मोरेनवर, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगावर, एक डाग दिसला. बर्फापेक्षा किंचित पिवळा, साईच्या रंगाचा. मघाशी तो तिथे नव्हता. लेझरने अंतर मोजलं तर ८५० मीटर. वारा आमच्याकडून त्याच्याकडे वाहत होता आणि त्याचं नाक वर होतं. वस्तीजवळच्या कोंग्सफ्योर्ड या खाडीत हल्ली पूर्वीसारखा समुद्रबर्फ धरत नाही, सील पकडायला जागा उरत नाही, त्यामुळे अस्वलं किनाऱ्याने आणि जमिनीवरून भटकतात.

मार्च ते जूनमध्ये अस्वलापासून ५०० मीटर लांब राहायचा नियम आहे, म्हणजे निघायचंच होतं. फावडी, तराजू, नमुन्याच्या नळ्या तिथेच टाकल्या. एक स्कूटर लगेच सुरू झाली. दुसरीचा पट्टा दोन तासांत बर्फाला घट्ट चिकटला होता. इंजिन चालू, पट्टा फिरेना. अशा वेळी जास्त रेस दिली तर आतला बेल्ट जळतो. मागचा बंपर दोघांनी धरून उचलायचा, आपटायचा, पुन्हा उचलायचा. त्यात दीड-दोन मिनिटं गेली आणि अस्वल सरळ, न थांबता, ३०० मीटरच्या आत आलं.

धावतं अस्वल तासाला ४० किलोमीटर गाठतं, म्हणजे १०० मीटर नऊ सेकंदांत. आमच्या तुकडीची ठरलेली शेवटची रेषा ४० मीटर, तिथून उरतात साडेतीन सेकंद. त्यात एक नेमका बार, फार तर दोन. नेम छातीवर किंवा खांद्यामागे, डोक्यावर कधीच नाही, कवटी उतरती आणि मेंदू लहान. मी बोल्ट मागे-पुढे केला, गुडघ्यावर बसलो. काडतूस सहज आत गेलं. ‘सिग्नल!’ एवढंच म्हटलं.

सिग्नल-पिस्तूल, म्हणजे अस्वलाला घाबरवायला मोठा धमाका उडवणारं पिस्तूल, विद्यार्थ्याच्या हातात होतं. धमाका अस्वलाच्या आणि आपल्या मध्ये व्हायला हवा. मागे झाला तर ते आपल्याच दिशेने पळतं. त्याने थोडं खाली, जमिनीच्या अंगाने झाडलं. धमाका अस्वलाच्या पुढे झाला. ते थांबलं, बाजूला वळलं, पुन्हा आमच्याकडे तोंड केलं. तोवर अंतर ११० मीटर. दुसरा धमाका त्याच्या पायांपुढे वीसेक मीटरवर झाला आणि मग ते वळलं, आधी चालत, मग दुडक्या चालीने, कडेच्या खडकांकडे. त्याच वेळी पट्टा सुटला.

खाली हद्दीजवळ येऊन रायफल रिकामी केली. काडतुसं मोजली: पाच गेली होती, पाच परत. वस्तीतल्या सगळ्यांना रेडिओवर अस्वलाची दिशा कळवली (या परिसरात रेडिओ दुर्बिणीमुळे वाय-फाय बंद असतं) आणि गव्हर्नरच्या कार्यालयाला फोनवर वेळ, जागा आणि उडवलेले दोन धमाके सांगितले. टाकून आलेली अवजारं दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन आणली. खड्डा वाऱ्याने अर्धा भरला होता, तो बाजूला नव्याने खणावा लागला.

तीन गोष्टी त्या रात्रीच बदलल्या. रायफलीच्या पेटीवर मराठीत आणि इंग्रजीत चिठ्ठी लागली: ‘आत आणू नये. तेल लावू नये.’ थांबलेली स्कूटर दर वीस मिनिटांनी हातभर पुढे घ्यायची असं ठरलं. आणि पेटीच्या झाकणाला दोऱ्याने एक पेन्सिल बांधली. सकाळी सात वाजता मी पोचलो तेव्हा विद्यार्थी रिकामी रायफल उभी धरून थांबला होता. त्याने चाप दाबला, पेन्सिल दोऱ्याला हिसका देत वर उडाली, आणि त्याने वहीत तारीख, तापमान आणि ‘ठीक’ असं लिहिलं.