मार्चमधले बास्केटबॉल आणि घरच्या मैदानाचा प्रश्न

मार्च महिन्यात कोल्हापुरात खेळाची चर्चा म्हणजे फुटबॉलची चर्चा. शाहू स्टेडियमवर हंगाम ऐन भरात असतो, पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांच्या सामन्याला गॅलरीत पाय ठेवायला जागा मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मिरजकर तिकटीपासून बिंदू चौकापर्यंत चहाच्या प्रत्येक गाड्यावर आदल्या दिवशीची पेनल्टी खरी होती की नव्हती याचा खल चालू असतो. याच दिवसांत मी मात्र सात समुद्रांपलीकडच्या एका स्पर्धेत गुंतलेली असते. अमेरिकेतील विद्यापीठांच्या महिला संघांची राष्ट्रीय बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धा मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते. महाविद्यालयात असताना मी स्वतः बास्केटबॉल खेळत होते, हे या वेडाचे एक कारण. पण ते एकमेव नाही. या स्पर्धेकडे पाहताना आपल्याकडे नेमके काय कमी पडते हे मला फार स्पष्ट दिसते, आणि ते पैशांपेक्षा वेगळे आहे असे माझे मत आहे.

प्रथम स्पर्धेची रचना सांगते. एकूण ६८ संघ, चार विभाग, प्रत्येक विभागात १ ते १६ अशी मानांकने आणि पूर्णपणे बाद पद्धत. एक सामना हरला की संघ घरी जातो. निम्म्याच्या आसपास संघ आपापल्या प्रादेशिक संघटनेची स्पर्धा जिंकून थेट येतात आणि उरलेले निवड समिती हंगामभराची कामगिरी पाहून ठरवते. पुरुषांच्या स्पर्धेत सगळे सामने त्रयस्थ शहरांत होतात. महिलांच्या स्पर्धेत मात्र प्रत्येक विभागातील पहिल्या चार, म्हणजे एकूण सोळा मानांकित संघांना पहिल्या दोन फेऱ्या स्वतःच्या मैदानावर खेळायला मिळतात. त्यानंतर विभागीय सामने दोन शहरांत आणि शेवटचे चार संघ एका शहरात, असा क्रम असतो. अलीकडे अंतिम सामना रविवारी त्यांच्या दुपारी तीन वाजता ठेवला जातो, म्हणजे आपल्याकडे सोमवार लागून अर्धा तास झालेला असतो. उपांत्य सामने तर आपल्या पहाटे साडेचारला सुरू होतात. त्या वेळी रंकाळ्यावर फिरायला निघालेली मंडळी आणि मी, एवढेच लोक जागे असतात.

घरच्या मैदानाचा हा नियम अन्यायकारक आहे अशी टीका नेहमी होते, आणि तिच्यात तथ्य आहे. बलाढ्य संघाला आधीच सर्व काही अनुकूल असताना प्रेक्षकही त्याचेच, म्हणजे पहिल्या फेरीतले कित्येक सामने सुरू होण्याआधीच संपलेले असतात. २०२५ मध्ये कनेटिकट विद्यापीठाने आर्कान्सा स्टेट संघाला १०३-३४ असे हरवले. असा सामना पाहण्यात पहिल्या दहा मिनिटांनंतर काही उरत नाही. तरीही याच नियमाने एक अपूर्व निकालही दिला आहे. १९९८ मध्ये सोळावे मानांकन असलेल्या हार्वर्डने पहिल्या मानांकनाच्या स्टॅनफर्डला स्टॅनफर्डच्याच मैदानावर ७१-६७ असे हरवले. स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर होत्या हे खरे. पण हार्वर्डच्या अॅलिसन फीस्टरने एकटीने ३५ गुण केले हेही तितकेच खरे. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाच्या संघाने पहिल्याला हरवायला त्यानंतर आणखी वीस वर्षे जावी लागली.

मला हा नियम पटतो, कारण त्यामुळे स्टँड भरलेले असतात. महिलांचा सामना रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळवला की तो कितीही चांगला झाला तरी पाहणाऱ्याला दुय्यम वाटतो, आणि खेळणारीलाही. गर्दी काय करू शकते हे कोल्हापूरकराला समजावून सांगावे लागत नाही. आयोवा विद्यापीठाने ऑक्टोबर २०२३ मध्ये महिला बास्केटबॉलचा एक प्रदर्शनीय सामना चक्क आपल्या अमेरिकी फुटबॉलच्या स्टेडियमवर, उघड्या आकाशाखाली खेळवला आणि तो पाहायला ५५,६४६ लोक आले. केटलिन क्लार्क नावाची खेळाडू त्यांच्याकडे होती हे याचे उघड कारण आहे. परंतु आयोवाचे लोक मुलींचा खेळ पाहायला एका खेळाडूमुळे शिकले नाहीत. त्या राज्यात शाळकरी मुलींची राज्यस्तरीय बास्केटबॉल स्पर्धा १९२० पासून होत आली आहे. तेथे कित्येक दशके मुलींचा खेळ सहा जणींचा होता: तिघी बचावाला, तिघी आक्रमणाला, मध्यरेषा ओलांडायची नाही आणि दोनपेक्षा जास्त ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटणे) करायचे नाहीत. मुलींना एवढी धावपळ झेपणार नाही या समजुतीतून आलेला हा प्रकार आयोवाच्या शाळांतून १९९३ मध्येच पूर्णपणे गेला. नियम कितीही जुनाट असले तरी खेड्यापाड्यांतले लोक आपल्या गावच्या मुलींसाठी दूरवरून येत, आणि आजी, आई, नात अशा तीन पिढ्या एकाच बाकावर बसून सामना पाहत. आपल्याकडे पेठेच्या तालमीचा संघ जसा घराघरांत वाटून घेतलेला असतो, तसाच हा प्रकार आहे.

या स्पर्धेचा इतिहासही मानाने सुरू झालेला नाही. अमेरिकेत १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांमधील लिंगभेदाला मनाई करणारा कायदा झाला आणि महाविद्यालयांना मुलींच्या खेळाकडे लक्ष देणे भाग पडले. त्याच वर्षी महिला महाविद्यालयीन खेळांच्या स्वतंत्र संघटनेने पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली आणि इमॅक्युलाटा या फिलाडेल्फियाजवळच्या लहानशा कॅथलिक महिला महाविद्यालयाने ती सलग तीन वर्षे जिंकली. पुरुषांच्या स्पर्धा घेणाऱ्या एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेला महिलांची आठवण झाली ती १९८२ मध्ये. त्या पहिल्या अंतिम सामन्यात लुइझियाना टेकने चेनी स्टेट या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या छोट्या महाविद्यालयाच्या संघाला ७६-६२ असे हरवले. चेनीसारखी संस्था अंतिम फेरीपर्यंत पोहोचू शकेल असा काळ आता राहिलेला नाही, आणि मला त्याची खंत वाटते.

टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट यांनी १९७४ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारले, तेव्हा संघाची व्हॅन त्या स्वतः चालवत आणि खेळाडूंचे कपडेही स्वतः धुवत. पुढे त्यांनी आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे आणि १,०९८ विजय मिळवले. हे वाचले की एसटीच्या मागच्या बाकावर बॉलची जाळी मांडीवर घेऊन साताऱ्याला निघालेला आमचा संघ मला आठवतो. सुरुवात तेथेही साधारण अशीच होती. फरक पुढे पडत गेला.

तो फरकही आपोआप पडला नाही. २०२१ मध्ये करोनामुळे महिलांची संपूर्ण स्पर्धा टेक्सासमधील सॅन अँटोनियो आणि परिसरात घेतली गेली. पुरुष खेळाडूंसाठी भलीमोठी व्यायामशाळा उभी केली होती आणि महिलांसाठी ठेवले होते ते हलक्या डंबेलचे एक लहानसे स्टँड. ओरेगनच्या सेडोना प्रिन्स या खेळाडूने त्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकली आणि आयोजकांची अब्रू गेली. जागा नव्हती, हे त्यांचे स्पष्टीकरण तिने शेजारची रिकामी जागा दाखवून तिथल्या तिथे खोडून काढले. त्यानंतर झालेल्या चौकशीत असमान वागणूक पानोपानी उघड झाली. पुरुषांच्या स्पर्धेला लावले जाणारे ‘मार्च मॅडनेस’ हे प्रसिद्ध नाव महिलांच्या स्पर्धेला तोपर्यंत वापरू दिले जात नव्हते. ते २०२२ मध्ये मिळाले आणि संघांची संख्याही पुरुषांइतकीच, ६८ झाली. स्पर्धेत पुढे जाणाऱ्या संघांमुळे त्यांच्या संघटनांना पैसे मिळण्याची पद्धत महिलांसाठी २०२५ मध्ये सुरू झाली. पुरुषांना ते पैसे अनेक वर्षांपासून मिळत होते.

आता माझ्या मुद्द्याकडे येते. २०२४ चा अंतिम सामना साऊथ कॅरोलिना आणि आयोवा यांच्यात झाला, आणि अमेरिकेत तो १ कोटी ८५ लाखांहून अधिक लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला; त्या वर्षी पुरुषांच्या अंतिम सामन्यालाही एवढा प्रेक्षक लाभला नाही. क्लार्कने पहिल्या दहा मिनिटांतच १८ गुण केले आणि एकूण ३०. तरी साऊथ कॅरोलिनाने ८७-७५ असा सामना जिंकला आणि ३८ पैकी ३८ विजयांसह हंगाम पूर्ण केला. बहुतेकांना त्या सामन्यातली क्लार्क आठवते. मला आठवतो तो राखीव खेळाडूंचा हिशेब. साऊथ कॅरोलिनाच्या राखीव खेळाडूंनी ३७ गुण केले, आयोवाच्या राखीव खेळाडूंनी शून्य. प्रशिक्षक डॉन स्टेली यांच्या बाकावरून उठून टेसा जॉन्सन ही पहिल्या वर्षाची मुलगी आली आणि तिने १९ गुण केले. अंतिम सामन्यात, एवढ्या दडपणाखाली, पहिल्या वर्षाची मुलगी असे खेळू शकते, कारण नोव्हेंबरपासून तिला सामन्यांत मैदानावर उतरवलेले असते. अजिंक्यपद स्पर्धेला येण्याआधीच प्रत्येक संघ तीसच्या आसपास सामने खेळलेला असतो.

आमच्या वेळचा हंगाम असा नव्हता. शिवाजी विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेला आम्ही ‘झोनल’ म्हणत असू. तीही बाद पद्धतीने. सकाळी पहिला सामना हरलेल्या संघाचे त्या वर्षीचे बास्केटबॉल दुपारच्या जेवणाआधी संपलेले असे. जिंकलेले संघ पुढे आंतरविभागीय स्पर्धेला जात, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जाई आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला रवाना होई. म्हणजे राष्ट्रीय पातळीच्या दारात उभ्या राहिलेल्या मुलीकडेही त्या वर्षातल्या खऱ्या सामन्यांचा अनुभव बोटांवर मोजण्याइतकाच असे. राखीव खेळाडूंची गोष्टच काढू नये. संघ पूर्ण व्हावा म्हणून हँडबॉलच्या आणि खो-खोच्या दोघी-तिघींना आयत्या वेळी नावे द्यायला लावली जात. त्या बिचाऱ्या सामनाभर बाकावर बसत आणि पाच फाउल होऊन कोणी बाहेर गेलीच तर घाबरत मैदानात येत. अजूनही परिस्थिती फार बदललेली नाही, असे आज खेळणाऱ्या मुलींकडून ऐकते.

कोल्हापुरात महिला खेळाडू घडत नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. तेजस्विनी सावंत हिने २०१० मध्ये नेमबाजीत जागतिक अजिंक्यपद मिळवले, राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. मात्र नेमबाजाला एकट्याने सराव करून खूप पुढे जाता येते. बास्केटबॉलमध्ये शंभर वेळा केलेला लेअप (धावत जाऊन बास्केटजवळून चेंडू टाकणे) समोर बचाव करणारी मुलगी आली की वेगळाच होतो, आणि तो शिकायला सामनाच लागतो. पुण्याच्या शिरीन लिमये हिने भारताकडून खेळून दाखवले आहे, बंगळुरूची संजना रमेश अमेरिकेत नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठाच्या संघातून खेळली आहे; म्हणजे आपल्या मुलींच्या क्षमतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

अधिक सामने म्हणजे अधिक दुखापती, ही बाजूही लपवू नये. गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त असते. कनेटिकटला २०२५ चे अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या पेज बेकर्स आणि अॅझी फड या दोघींचाही पूर्वी एकेक जवळजवळ पूर्ण हंगाम याच दुखापतीत गेला होता, आणि त्याच वर्षी सदर्न कॅलिफोर्नियाची जूजू वॉटकिन्स दुसऱ्या फेरीत असाच गुडघा धरून कोसळली. या अमेरिकी मुली लाकडी मैदानावर खेळतात. आपल्या मुली अनेक ठिकाणी सिमेंटवर खेळतात, आणि उडी मारून दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून कसे उतरायचे हे त्यांना क्वचितच कोणी शिकवते. त्यामुळे सामने वाढवायचे तर ते एका आठवड्यात कोंबून चालणार नाही.

माझी मागणी अगदी लहान आहे. कमला, गोखले, विवेकानंद, राजाराम, न्यू कॉलेज ही सगळी महाविद्यालये एका रिक्षाच्या अंतरावर आहेत. दिवाळीनंतर दर शनिवारी संध्याकाळी एकेक सामना, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, अशी साखळी स्पर्धा सहज बसते. साखळीचे गुणपत्रक कसे ठेवायचे, पंच कसे नेमायचे, वाद कसे मिटवायचे हे या शहरातील फुटबॉलच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्यापैकी दोघे-तिघे मदतीला आले तरी काम होईल. ज्या महाविद्यालयात सामना असेल तेथील मुलींनी पाहायला यावे, वसतिगृहातल्या मुलींना तासभर उशिरा परतण्याची मुभा मिळावी, आणि प्रत्येक संघाने दहा जणींना प्रत्येकी किमान एक क्वार्टर (सामन्याचा चौथा भाग) खेळवणे बंधनकारक असावे. हा शेवटचा नियम प्रशिक्षकांना आवडणार नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. शॉट क्लॉक (बास्केटकडे चेंडू टाकण्याची मुदत मोजणारे घड्याळ) नसेल तर टेबलावर बसलेल्या एका मुलीने स्टॉपवॉच घेऊन चोवीस सेकंद मोठ्याने मोजावेत. मैदानावर दिवे नसतील तर सामना साडेचारला सुरू करावा. सत्र परीक्षेचे दोन आठवडे वगळले तरी फेब्रुवारीअखेर प्रत्येक संघाचे आठ सामने होतात, आणि त्यानंतर मुलींना मार्च महिना अभ्यासासाठी मोकळा राहतो.