बेटीची मान अखेर वळली

मंडळी, वळली! साडेपाच आठवडे, दीड रीम कागद, आणि काल रात्री पावणेबाराला पेन्सिल टेस्टमध्ये (कच्ची चित्रं ओळीने चालवून हालचाल बघायची चाचणी) मी हाताने काढलेल्या बेटी बूपने, 1930 च्या दशकातल्या त्या अमेरिकी कार्टूनमधल्या मुलीने, डावीकडून उजवीकडे मान वळवली, तीही बेटीच राहून. मी एकोणीस वेळा पाहिली.

मागच्या अपडेटला काहींनी बजावलं होतं की तिला समोरूनच ठेव. आता कळतं का ते. हे डोकं गोळा नाहीच. 1930 मध्ये अ‍ॅनिमेटर ग्रिम नॅटविकने ती काढली तेव्हा ती माणूस नव्हती, लोंबत्या कानांची पूडल होती. 1932 पर्यंत कानांच्या गोल रिंगा झाल्या. गाल मात्र फुगलेलेच, हनुवटी नावापुरती, कपाळावर चिकटलेल्या बटा. समोरून गोड. वळवायला गेलं की सगळं घसरतं.

माझा हिशेब साधा होता. सेकंदाला 24 फ्रेम, ऑन टूज (एक चित्र दोन फ्रेम ठेवायचं), म्हणजे 12 चित्रं. 1 आणि 13 या की, म्हणजे सुरुवात आणि शेवट ठरवणारी चित्रं, आणि त्यांच्या मधलं वळण ठरवणारं 7 हे ब्रेकडाउन. हे 7 नंबरच गळ्याशी आलं. दोन कींच्या बरोबर मध्ये काढलं की डोकं फुग्यासारखं फुगायचं आणि पुन्हा बसायचं.

आधी दोष पेगबारला (भोकं पाडलेले कागद एकाच जागी धरणारी खुंट्यांची पट्टी) दिला, आणि तो थोडा खराही होता. ऑनलाइन मागवलेल्या पट्टीच्या खुंट्या भोकांत सैल बसत होत्या, प्रत्येक कागद केसभर सरकायचा. विक्रेत्याने बदलून द्यायला नकार दिला. शेवटी ओळखीच्या सुताराकडून सागवानी पट्टीत पितळी खुंट्या बसवून घेतल्या. आता कागद हलत नाही. माझं ठाम मत: पेन्सिल कुठलीही चालेल, मी साधी अप्सरा वापरते, पण पेगबारवर काटकसर करू नका.

थरथर गेली, फुगा तसाच.

मग शाडूचं डोकं केलं. त्यावर काडीने बटा कोरल्या, पाच-पाच अंशांनी फिरवत फोटो काढले आणि त्यावरून चित्रं उतरवली. भूमिती अचूक, आणि समोर कुणीतरी भलतीच मुलगी. पलीकडच्या बटा गालाआड गेल्या की बेटी संपते. तिच्या बटा केस नाहीतच, त्या रेषा आहेत. चेहऱ्यावरून सरकवायच्या, फिरवायच्या नाहीत. हे उमगायला दहा दिवस गेले. पण त्या दहा दिवसांनी 4 आणि 10 ही दोन चित्रं अशी दिली, की ती फ्रेम करून लावणार आहे.

रोटोस्कोप कर, म्हणजे खऱ्या माणसाचं चित्रण करून त्यावरून चित्रं उतरव, असंही काहींनी सुचवलं होतं. मोह झाला. बेटीच्या स्टुडिओच्या मॅक्स फ्लायशरचं या तंत्राचं पेटंटच 1917 चं, आणि 1932 च्या 'बेटी बूप्स बॅम्बू आयल'मधला तिचा हुला खऱ्या नर्तकीवरूनच उतरवलेला. मी स्वतःची मान शूट केली. नाच उतरतो, पण माझी मान तिच्या डोक्याला पुरत नाही. सोडून दिलं.

उत्तर आलं शेजारच्या खोलीतून. भाऊ तबल्याच्या अ‍ॅपवर 120 च्या लयीत केरवा लावून बसला होता. 120 म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक मात्रा, म्हणजे बरोबर 12 फ्रेम, 6 चित्रं. मात्रा पडते 1 वर, 7 वर, 13 वर. माझं नाठाळ 7 नेमकं मात्रेवर! मी तिथे तिला मध्यात थांबवत होते, आणि तिला तिथे ठेका घ्यायचा होता. नवं 7 काढलं: डोकं दीड सेंटिमीटर खाली, पापण्या मिटलेल्या, गाल किंचित दबलेले, रिंगा अजून मागच्या बाजूलाच. 8 मध्ये डोळे आधी उघडून उजवीकडे पोचले, मान मागून आली. फुगा गायब.

जुने फ्लायशरपट पुन्हा लावून बघा. त्या काळात तिथे आवाज बहुतेक नंतर भरत, पण चित्रं ठेक्यावर बसवलेली. नुसती उभी असली तरी बेटी गुडघ्यांत झुलत असते. नव्वदहून अधिक वर्षांनी ती जवळची वाटते ती या झुलण्यामुळे, असं मला मनापासून वाटतं. डोळे आणि तोकडा झगा नंतर. 1934 मध्ये हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली आणि झगा लांबला, गार्टर गेला, हे सगळे सांगतात. मला त्यापेक्षा सलतं ते हे, की पुढच्या पुष्कळ कार्टूनांत पजी कुत्रा आणि ग्रॅम्पी हे म्हातारबुवा धावपळ करतात, ती बाजूला उभी राहून बघते. 1939 ला मालिका थांबली.

रंगाचा बेत रद्द. लाल झगा नंतरच्या वस्तूंवरचा. पडद्यावर ती काळी-पांढरीच. त्या काळात रंगीत आली ती एकदाच, 1934 च्या 'पुअर सिंड्रेला'त, आणि तिथे केस लाल होते. मी राखाडीच्या पाच छटा घोटणार आहे.

आणि हे लिहिता लिहिता सुचलं: रिंगा एवढ्या छान मागे रेंगाळतात, तर कान किती रेंगाळतील! हीच 13 चित्रं 1930 च्या कानांसकट पुन्हा करते. चालण्याची सायकल (पुन्हा पुन्हा चालवता येणारी पावलांची चित्रं) पुढच्या महिन्यात. कानांचं 7 नंबर आत्ता लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणारी चित्र उतरवायची पेटी) आहे. डावा कान पार नाकापर्यंत आलाय. 8 मध्ये तो कुठे जातो, ते आज रात्री बघते.