चार वर्षांनी वाई

आज वाईला आले. सुरूर फाट्याला एसटी आत वळली, पांडवगड दिसला आणि डोळे भरून आले.

आत्या दारातच उभी. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि मग माझा हात हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. बोटांची पेरं सुजलीत तिची, आणि बांगड्या मात्र पार कोपरापर्यंत सरकतात. फोनवर हे कधी दिसलंच नव्हतं.

दुपारी शाळेतली मैत्रीण येऊन गेली. गप्पा अर्ध्याच राहिल्या.

संध्याकाळी लेकीला घेऊन घाटावर गेले. ढोल्या गणपतीचं हे देऊळ १७६२चं, रास्त्यांनी बांधलेलं. मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कृष्णेला पूर आला की पाणी तिथे दुभंगतं. मला हे बाबांनी दाखवलं होतं, याच जागी उभं राहून. बाबांशिवाय वाईला आलेली ही पहिलीच खेप. लेकीने दगडावर तळवा टेकवला. म्हणाली, "आई, अजून गरम आहे गं."

उद्या मेणवलीला जायचंय. आत्याही येते म्हणाली. "घाटाच्या पायऱ्या उतरताना हात धरशील ना?"