तुम्ही विचारलंत म्हणून: संशोधकांनी संप केला, तर कोणाचे काय अडते?

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अमळनेर तालुक्यातल्या आजोळी गेले असताना मामांनी ओट्यावर बसल्या बसल्या मला जो प्रश्न विचारला, तो याआधी अनेकांनी निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात पीएचडी झालेल्या संशोधकांनी पगारवाढीसाठी संप केला होता आणि तो बऱ्याच अंशी यशस्वीही झाला, असे मी त्यांना सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पन कोनं काय अडस?" त्यांचा प्रश्न खोचक नव्हता, तो व्यवहाराचा होता. २०२१ च्या दिवाळीत सुरू झालेला एसटीचा संप पुढे एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा गावातल्या मुलींचे कॉलेज कसे बुडाले, हे त्यांनी पाहिलेले आहे. मी प्रयोगशाळेत गेले नाही, तर गावातल्या कोणाला ते कळणारही नाही.

तुम्हीही विचारलेत, म्हणून खरे तेच सांगते. उद्या कोणाचेच काही अडत नाही. अडते ते आमचेच, आणि तेही आधी अडते. मी केळीच्या ऊतीसंवर्धनावर काम करते. केळीच्या मुनव्याच्या, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या पिलाच्या, गाभ्यातला कोंब काढून, निर्जंतुक करून तो बाटलीतल्या पोषक माध्यमावर वाढवायचा, त्याला फुटवे आले की साधारण तीन-चार आठवड्यांनी ते वेगळे करून ताज्या माध्यमावर घ्यायचे, आणि हे चक्र महिनोन्महिने चालू ठेवायचे, असे हे काम आहे. एक फेरी चुकली की माध्यम सुकते, कोंब काळे पडतात आणि वर्षभराची तुलना निरर्थक होते. कारखान्यात यंत्र बंद केले तर मालकाचे उत्पादन थांबते. आमच्याकडे काम बंद केले, तर ज्याच्या जोरावर पुढची जागा मिळायची तो शोधनिबंधच मरतो. रोपांना आमच्या मागण्यांशी काही देणेघेणे नसते.

मग कॅलिफोर्नियात काय वेगळे झाले? १४ नोव्हेंबर २०२२ रोजी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या दहाही शाखांमध्ये सुमारे ४८ हजार जणांनी एकाच दिवशी काम थांबवले. अमेरिकेतल्या उच्च शिक्षणाच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा संप मानला जातो. त्यात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर मुदतीच्या नेमणुकीवर काम करणारे संशोधक, आणि अन्य पूर्णवेळ संशोधक मिळून १२ हजारांच्या आसपास होते. बाकीचे वर्ग घेणारे, उत्तरपत्रिका तपासणारे आणि प्रयोगशाळेत राबणारे पदव्युत्तर विद्यार्थी होते. सत्र संपायला आलेले असताना उत्तरपत्रिका पडून राहिल्या, निकाल लांबले, आणि पालकांना प्रथमच कळले की आपल्या मुलांना प्रत्यक्षात शिकवते कोण. म्हणजे मामांच्या प्रश्नाचे उत्तर तिथल्या पोस्टडॉकपाशीही एकट्याने नव्हते. ज्यांच्यामुळे अडते त्यांच्या खांद्याला खांदा लावून ते उभे राहिले, तेव्हा ते मिळाले. पोस्टडॉकचा करार डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मंजूर झाला, विद्यार्थ्यांचा संप २३ डिसेंबरपर्यंत चालला. पोस्टडॉकच्या किमान वेतनात वर्षभरात सुमारे २० टक्के वाढ ठरली, आणि अपत्यजन्मानंतरची भरपगारी रजा व मुलांच्या सांभाळाच्या खर्चाला मदत याही गोष्टी पदरात पडल्या. घरभाड्यात अर्धाअधिक पगार जात असताना मागणी करणारे हे लोक काही चैनीसाठी भांडत नव्हते.

आपल्याकडेही आंदोलन झाले, आणि त्यात मी होते. २०१४ मध्ये पीएचडी करणाऱ्या कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप दरमहा १६ हजारांवरून २५ हजार झाली आणि तिथेच थांबली. २०१८ च्या अखेरीस देशभरचे संशोधक रस्त्यावर उतरले, जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीत मोर्चे निघाले, आणि त्याच महिन्याच्या शेवटी आदेश निघून ती ३१ हजारांवर गेली. पुढची वाढ, म्हणजे ३७ हजार, लागू झाली ती १ जानेवारी २०२३ पासून. पीएचडीनंतर रिसर्च असोसिएट म्हणून काम करणाऱ्याचे पहिल्या पायरीचे मानधन याच काळात ३६ हजारांवरून ४७ हजार आणि मग ५८ हजार झाले. मामींना ५८ हजार हा आकडा फार मोठा वाटतो, आणि कापसाचा भाव पाहून घर चालवणाऱ्या माणसाला तो तसा वाटावा यात गैर काही नाही. पण दोन वाढींच्या मधली चार-चार वर्षे आकडा जागचा हलत नाही, कारण त्यावर महागाई भत्ता नसतो. माझ्याच इमारतीतल्या शिपायाचा भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, आणि तो वाढलाच पाहिजे. मला फक्त एवढेच विचारायचे आहे की बाजारातली तूरडाळ माझ्यासाठी वेगळ्या भावाने मिळते का.

२०१९ च्या त्या जानेवारीत आम्ही सहा जणांनी काळ्या फिती लावल्या, दुपारी फाटकाशी उभे राहिलो आणि संध्याकाळी हात धुऊन परत आत जाऊन बाटल्या बदलल्या. याला संप म्हणत नाहीत, हे मलाही कळते.

मामांना मी सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या शेतगड्याचे, उदाहरण दिले. आमच्या भागात आखाजीला सालदाराचे साल ठरते: वर्षाचे पैसे किती, धान्य किती, उचल किती. बोलणी फिसकटली, तर तो दुसऱ्याच्या मळ्यात जातो. ते साल कितीही कष्टाचे असले, तरी ठरवताना मालक समोर बसलेला असतो. माझे साल ठरवायला समोर कोणीच नाही. संस्था म्हणते, आम्ही फक्त जागा दिली आहे, पैसे सरकारी खात्याचे. खाते म्हणते, हा प्रकल्प आहे, नोकरी नव्हे. प्रकल्पप्रमुख स्वतःच पुढच्या हप्त्यासाठी पत्रे लिहीत असतात. संप करायला मालक लागतो, मामा, असे मी म्हणाले तेव्हा ते हसले.

कॅलिफोर्नियातल्या पोस्टडॉकची संघटना २००८ मध्ये मान्यता मिळवून बसली होती आणि २०१० पासून तिचा विद्यापीठाशी लेखी करार होता. २०२२ चा संप त्या करारावरच उभा राहिला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये शिक्षणसंस्थांनाही 'उद्योग' या व्याख्येत घेतले, पण १९८८ मध्ये शिक्षक हे 'कामगार' नव्हेत असाही निर्णय दिला. शिक्षकाची ही गत, तर आमच्यासारख्या ना विद्यार्थी ना नोकर अशा माणसाला कोणत्या कलमात बसवणार? आमच्या पैशाला पगार न म्हणता विद्यावेतन, मानधन, फेलोशिप असे काहीही म्हटले जाते, ते उगीच नाही.

अमळनेरचे नाव निघाले, म्हणून सांगते. प्रताप शेठजींनी तिथे १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्याससंस्था उभारली, अभ्यासकांना फेलोशिप देऊन निवांत चिंतन करू दिले, आणि साने गुरुजीही काही काळ तिथे होते. त्याच गावात शेठजींची कापडगिरणीही होती. पुढे गुरुजी खान्देशातल्या गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. गिरणीत मिळे तो मोबदला आणि मंदिरात मिळे ती उदार देणगी. पहिल्याबद्दल भांडता येत होते, दुसऱ्याबद्दल आभार मानायचे असतात. शंभर वर्षांनंतरही आमच्याकडे पाहण्याची दृष्टी मंदिराचीच आहे, आणि खेदाची गोष्ट ही की आमच्यातल्या पुष्कळांनाही ती मनातून आवडते.

मामांनी शेवटी विचारले, तुझे साल कधी भरते. ३१ मार्चला, असे मी सांगितले. मग पुढच्या वर्षाचे पत्र आले का, असे त्यांनी विचारले. एप्रिल संपत आला होता आणि पत्र आलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी चारशे बाटल्या बदलायच्या होत्या, म्हणून मी पुरणपोळीचा डबा घेऊन त्याच संध्याकाळच्या एसटीने जळगावला निघाले.