आडवी पडलेली रोपं

सकाळी ट्रे पाहिला तर टोमॅटोची 11 रोपं आडवी. काल संध्याकाळी ताठ होती. पानं अजून हिरवी, पण मातीलगतचं खोड दोऱ्याइतकं बारीक, पाणचट, तपकिरी. मर लागली. मातीतली बुरशी रोपाला तिथेच धरते, आणि खोड एकदा बारीक पडलं की ते रोप वाचत नाही.

एवढंसंही नीट जमू नये? या आठवड्यात हे एकच सुरळीत चाललं होतं. अहवाल अजून आलेला नाही. असो, ते राहू दे.

कारण उघड आहे. दिवसातून तीनदा झारी. फोन ठेवला की झारी, झोप उडाली की झारी. ट्रेमध्ये मातीऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. ते वरून फिकट, कोरडं दिसतं, पण आत ओल धरून असतं. पहिल्या पेरापर्यंत बोट खुपसलं असतं तर लगेच कळलं असतं. त्यात बी दाट पडलेलं. वरचं प्लॅस्टिकही तसंच राहिलं होतं. कोंब दिसले त्याच दिवशी ते काढायचं असतं.

पाणी घातलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. रोपांना ते नको आहे हे दिसत होतं, तरी घातलं. ही गोष्ट दिवसभर मनातून जात नाहीये. दिसत होतं, तरी घातलं.

पडलेली रोपं भोवतालच्या मातीसकट चमच्याने काढून फेकली. कंपोस्टमध्ये टाकायची नाहीत. उरलेल्यांची विरळणी कात्रीने, मातीलगत कापून केली. उपटलं तर शेजारच्या रोपाची मुळं हलतात. ट्रे मोकळ्या हवेत ठेवला. आता वरचा थर सुकेपर्यंत पाणी नाही, आणि नंतरही खालून द्यायचं: ट्रे पाण्याच्या परातीत 15-20 मिनिटं, वर ओल दिसली की बाहेर, उरलेलं पाणी ओतून टाकायचं.

दुसऱ्या ट्रेमध्ये नवीन बी टाकलं. आधी ट्रे 1 भाग ब्लीच, 9 भाग पाण्यात 10 मिनिटं बुडवून स्वच्छ धुतला. कोकोपीट नवीन, पिळलं तर एखाददुसराच थेंब पडेल इतपत ओलं. एका खणात दोन बिया, अर्धा सेंटीमीटर खोल. खत अजून नाही. खरी पानं, म्हणजे पहिल्या दोन बीजपानांनंतरची, येईपर्यंत बियांतलं अन्न पुरतं. उगवायला 5 ते 10 दिवस. तोवर झाकण असल्यामुळे पाणीही सहसा लागत नाही.

म्हणजे 5 ते 10 दिवस नुसतं थांबायचं. अहवालालाही तेवढेच सांगितलेत. सकाळी हे असह्य वाटत होतं, आता तसं वाटत नाही. बी आत काय करतंय ते उकरून बघता येत नाही, उकरलं तर कोंब मोडतो.

झारी वरच्या फळीवर ठेवली आहे. आत्ता जुन्या ट्रेमध्ये बोट घालून पाहिलं. आत ओल आहे. आज काही करायचं नाही.