एफसीआरए नूतनीकरण : आक्कांच्या अंगठ्यापाशी अडलेला अर्ज

आमची संस्था कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा चालवते. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी लागते; तिची मुदत पाच वर्षं. ती संपण्याआधीच्या सहा महिन्यांत नूतनीकरणाचा अर्ज करायचा. दर्पण क्रमांक (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक), ऑडिट, दिल्लीचं स्टेट बँकेतलं खातं (२०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा आधी संसद मार्गावरच्या शाखेतच येतो) हे सगळं होतंच. घोडं अडलं आक्कांच्या आधारवर.

आक्का आमच्या सगळ्यात जुन्या विश्वस्त. आधारवर माहेरचं आडनाव, पॅनवर सासरचं. अर्जाला प्रत्येक पदाधिकाऱ्याचं आधार लागतं. मोबाइल जोडलेला नाही, म्हणजे ओटीपी नाही, म्हणजे घरबसल्या दुरुस्ती नाही. केंद्रावर गेलो, तर जन्मभर कोयता धरलेली त्यांची बोटं मशीनला ओळखेनात. ऑपरेटर अंगठा पुसून पुन्हा पुन्हा दाबायचा, पडद्यावर तीच लाल फुली. "सर्व्हर नाही", "सोमवारी या". एकदा तर "आजींचा राजीनामाच घ्या की". माझं डोकंच फिरलं. जिनं फडातून पोरं गोळा करून शाळा उभी केली, तिनं अंगठा उमटत नाही म्हणून बाजूला व्हायचं? आक्का एवढंच म्हणाल्या, "ह्या बोटांनीच केलं की रं समदं."

शेवटी दुसऱ्या केंद्रावरच्या मुलीनं डोळ्यांच्या बुबुळांचं स्कॅन घेतलं आणि काम झालं. वयस्कर पदाधिकारी असतील तर पहिल्यापासून तेच मागा. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये आधारऐवजी भारतीय पासपोर्टची मुभा दिली आहे, पण आक्कांकडे पासपोर्ट कुठला?

आधी सांगायचं राहिलं : अमेरिकेतल्या देणगीदाराचं नागरिकत्व विचारून घ्या. भारतीय नागरिकानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरतात.

परदेशी पैशावर लक्ष हवंच, याबद्दल माझं दुमत नाही. पण राजकीय पक्षांच्या सोयीची, 'परदेशी स्रोत' (ज्याचा पैसा परदेशी देणगी ठरतो तो) या व्याख्येतली सवलत २०१८ मध्ये थेट १९७६ पर्यंत मागे जाऊन लागू केली गेली. सरकारदरबारी लॉबिंग करणाऱ्यांच्या नोंदणीचा कायदा आपल्याकडे आजही नाही. अमेरिकेचा १९३८ चा कायदा परदेशी सरकार, संस्था किंवा व्यक्तीच्या वतीनं राजकीय काम करणाऱ्याला नोंदणी करून ते उघड करायला लावतो. इथंही धोरणं वळवणाऱ्यांची नोंद आधी व्हावी आणि लहान संस्थांना सोपा वेगळा अर्ज मिळावा.

आणि हो, आर्थिक वर्षभरात एक रुपया आला नाही तरी एफसी-४ (परदेशी देणगीचं वार्षिक विवरण) ३१ डिसेंबरच्या आत भरा.