फुलस्टॉप, ठक ठक

दुपारी भाची लॅपटॉप मागायला आली. माझ्या पडद्यावर सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त अर्धवट उघडं होतं, इंग्रजीतलं, कारण आमच्या इमारतीत आता मराठी न वाचणारी बिऱ्हाडं बरीच झाली आहेत. तिने एक नजर टाकली आणि म्हणाली, "मामा, प्रत्येक वाक्यानंतर हे निळं निळं काय आलंय? अरे, दोन-दोन स्पेस का देतोस तू?"

मी देत नाही. त्या पडतात. फुलस्टॉप आला की उजवा अंगठा आपला आपण दोनदा खाली जातो, मला न विचारता. मायक्रोसॉफ्ट वर्ड इतकी वर्षं यावर काही बोलत नव्हतं. २०२० साली त्यांनी ठरवलं की वाक्यानंतरच्या दोन स्पेस ही चूक धरायची. तेव्हापासून माझं पान उघडलं की ओळीओळीला निळ्या रेघा, मास्तरांनी तपासून दिल्यासारख्या. भाचीने एका फटक्यात सगळ्या दोनच्या एक केल्या, "झालं" म्हणाली आणि लॅपटॉप घेऊन गेलीसुद्धा.

आमच्या वेळी दहावीची परीक्षा संपली की टायपिंगचा क्लास लावायचा, यात कुणाला विचारण्यासारखं काही नसे. पोरगं उन्हातान्हात हुंदडत नाही हा एक फायदा. शिवाय सरकारी नोकरीच्या जाहिरातीत 'मराठी ३० व इंग्रजी ४० श.प्र.मि.' (म्हणजे शब्द प्रति मिनिट) ही ओळ असायचीच. आमच्या गावातला क्लास किराणा दुकानाच्या माडीवर होता. लाकडी जिना, खालून येणारा हिंगाचा वास, आणि वर दोन रांगांत मशिनं. काळी रेमिंग्टन, राखाडी गोदरेज आणि एक म्हातारी हाल्डा, जिचा 'ई' कायम अर्धाच उठायचा. ती ज्याच्या वाट्याला येई त्याचा तास वाया. रेक्झिनचं कव्हर काढायचं, घडी करून खाली ठेवायचं, कागद चढवायचा आणि सुरू. पहिला धडा सगळ्या क्लासांत एकच, तुम्हालाही पाठ असेल: एएसडीएफजीएफ, सेमीकोलन एलकेजेएचजे. पानंच्या पानं. डावी करंगळी रडकुंडीला यायची. इंग्रजीत पावलोपावली लागणारा 'ए' हाताच्या सगळ्यांत दुबळ्या बोटाला नेमून देणाऱ्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

सर हात मागे बांधून फेऱ्या मारायचे. कागदाकडे बघायचेच नाहीत, कानाने तपासायचे. कॉमानंतर एक ठक, फुलस्टॉपनंतर दोन. एवढ्या खडखडाटात कुणाच्या मशिनवर एकच ठक झाली ते त्यांना बरोबर ऐकू येई, आणि लाकडी पट्टी त्याच टेबलावर आपटे. "फुलस्टॉप, ठक ठक!" प्रश्नचिन्हाला ठक ठक, उद्गारचिन्हाला ठक ठक, नव्या पॅरेग्राफला पाच. का, असं विचारायची तिथे पद्धत नव्हती. पुढे मराठी मशिनवर बसलो तरी सरांचा नियम तोच. मराठीत बोटांचा जीव आधीच मेटाकुटीला आलेला असे. ण, श, ष अर्धे मारा आणि मग त्यांना काना जोडा. मात्रेची कळ दाबली की कॅरेज जागचं हलत नाही हे ध्यानात ठेवा. त्या सगळ्या धबडग्यात अंगठा तेवढा सुखी. भाषा बदलली तरी त्याचं काम बदललं नाही.

या दोन स्पेसचं कारण म्हणून जे सगळीकडे सांगतात, ते असं: टाइपरायटरवर बारक्या 'आय'ला आणि रुंद 'एम'ला सारखीच जागा मिळते. इंचात दहा अक्षरं, मग ती कुठलीही असोत. त्यामुळे सगळी ओळच विरळ दिसते, आणि त्यात वाक्यानंतरची एकटी स्पेस हरवते. म्हणून दोन. ऐकायला पटतं, पण मला ते कधी पुरेसं वाटलं नाही. आमच्या नगर वाचनालयात, कुणी हात न लावलेल्या कपाटात, एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी पुस्तकं होती. त्यांत प्रत्येक वाक्यानंतर चांगली ऐसपैस जागा सोडलेली असायची. टाइपरायटर बाजारात आला १८७४ मध्ये, रेमिंग्टन कंपनीकडून. छापखान्यातले खिळे जुळवणारे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून पूर्णविरामानंतर रुंद क्वाड, म्हणजे जागा सोडायचा कोरा खिळा, बसवत होते. म्हणजे टायपिस्टांनी ही चाल छापखान्याकडूनच उचलली. पुढे विसाव्या शतकात छापखान्यांनी ती हळूहळू सोडली, टायपिस्टांनी मात्र सोडली नाही. माहेरी कधीच बंद पडलेला कुळाचार सासरी गेलेल्या मुलीने नेमाने चालू ठेवावा, तसं झालं हे. आणि आता माहेरची माणसं तिलाच विचारतात, हे काय भलतंच काढलंस?

अमेरिकेत यावरून मोठमोठे लोक हमरीतुमरीवर येतात. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची लेखन-नियमावली आहे, अर्ध्या जगातले विद्यार्थी प्रबंध लिहिताना ती उशाला घेऊन झोपतात. २००९ च्या आवृत्तीत तिने सांगितलं, हस्तलिखितात वाक्यानंतर दोन स्पेस द्या. २०१९ च्या आवृत्तीत सांगितलं, एकच द्या. दहा वर्षांत मानसशास्त्रज्ञांचंच मन पालटलं. मधल्या काळात, २०१८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या स्किडमोर कॉलेजात ६० विद्यार्थ्यांना बसवून, त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजून एक प्रयोग झाला. निष्कर्ष काय? जे स्वतः टंकताना दोन स्पेस देतात त्यांना दोन स्पेसवालं किंचित भरभर वाचता आलं. समजण्यात कुणालाच फरक पडला नाही. इतकी यंत्रं लावून निघालं हेच, की ज्याची त्याची सवय. आमच्या सरांनी हे पट्टीवर सांगितलं असतं.

खरं तर स्पेस ही काय वस्तू आहे हे मी क्लासच्या बऱ्याच आधी शिकलो होतो, पहिलीत. बाई सांगायच्या, दोन शब्दांमध्ये एक बोट जागा सोडा. मग आम्ही सगळे डाव्या हाताचं बोट वहीवर ठेवून त्याच्या पलीकडे पुढचा शब्द काढायचो. शिसपेन्सिलीने बोटाचा कड काळा होई आणि तोच काळा रंग पुढच्या शब्दावर फासला जाई. माझ्या बाकावरचा मुलगा अंगाने दांडगा होता आणि बोटंही तशीच. त्याच्या ओळीत चार शब्दांत रेघ संपायची. वह्या धडाधड भरायला लागल्या तेव्हा त्याचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, बाई, तुम्ही पोराला काय लिहायला लावता एवढं? बाईंनी वही बघितली, पोराचा हात बघितला आणि त्याला करंगळी ठेवायची सवलत दिली. वर्गात तेवढ्या एकालाच. आम्हाला वाटलं हा मोठा मान आहे. मग आठवडाभर सगळे करंगळ्या ठेवत होतो.

वाक्यांमध्ये किती बोटं, हे मात्र बाईंनी कधी सांगितलं नाही. शुद्धलेखन घालताना "पूर्णविराम" म्हणून त्या थांबायच्या आणि खिडकीतून बाहेर बघायच्या. अंगणात त्यांची धाकटी खेळत असायची. ती दिसली तर लगेच पुढचं वाक्य. दिसली नाही तर चांगलाच वेळ मिळे, मागे राहिलेले सगळे शब्द त्यात उरकून व्हायचे.

आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचे काही मोडी कागद निघाले होते. मला त्यातलं अक्षरही लागलं नाही, पण बघताना गंमत वाटली ती ही, की त्यात जागाच नव्हती. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग त्यांना एका दमात अक्षरं लटकवत जायचं. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे संपलं, ते वाचणाऱ्याने बघावं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असल्या कागदांचे ढीगच्या ढीग आहेत. मोहिमा झाल्या, तह झाले, सारा वसूल झाला, आणि स्पेसबारवाचून कुणाचं काही अडलं नाही. मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मेजर थॉमस कँडींसारख्या मंडळींनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीला लावून दिली. शेजारच्या हिंदीने आपला उभा दंड सोडला नाही. आपण तो ओव्या-श्लोकांपुरता ठेवला आणि बाकी सगळीकडे टिंब घेतलं. टिंब आलं, त्याच्यामागून स्पेस आली, आणि स्पेसमागून आमचे सर.

आता माझ्या खऱ्या दुखण्यावर येतो. एक स्पेस की दोन, यावर मी भांडणार नाही. पण अलीकडे लोक स्पेस टिंबाच्या आधी देतात. 'आपण सर्वांनी उपस्थित राहावे .' 'कसे आहात ?' हे वाचताना माझा रक्तदाब वाढतो. प्रश्नचिन्ह प्रश्नाला सोडून वीतभर लांब उभं! कधीकधी ओळ नेमकी तिथेच मोडते आणि पूर्णविराम पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटा पडतो, आईचा हात सुटलेल्या पोरासारखा म्हणणार होतो, पण त्याचा चेहरा निर्लज्ज असतो. स्वल्पविरामानंतर तर जागा सोडतच नाहीत, पुढचा शब्द त्याच्या अंगावर चढलेला. लग्नपत्रिका, नगरपालिकेचे फलक, श्रद्धांजलीचे बॅनर, कुठेही बघा. मी पूर्वी पत्रिका हातात आली की आधी मुहूर्त बघायचो, आता पूर्णविराम बघतो. घरात यावरून माझी टिंगल होते, ती मला मान्य आहे.

भाचीच्या पिढीने तर टिंबच काढून टाकलंय. तिचं एक वाक्य म्हणजे एक मेसेज. 'निघाले' टुंग. 'ट्रेन लेट आहे' टुंग. 'जेवायला थांबू नका' टुंग. वाक्य संपल्याची खूण म्हणून मोबाइल खिशात एकदा थरथरतो. म्हणजे बघा, खिळे जुळवणाऱ्यांनी एक क्वाड जागा दिली, सरांनी दोन ठक दिल्या, आणि या मुली दोन वाक्यांमध्ये अख्ख्या दोन ओळींची जागा सोडतात, वर वेळही छापून येते. जागा कमी झाली असं म्हणायला मी काही तयार नाही. एकदा मी तिला 'ठीक आहे.' एवढंच लिहिलं, टिंबासकट, तर तिचा लगेच फोन आला. मामा, चिडलास का?

गोदरेजने टाइपरायटर करणं २००९ च्या सुमारास थांबवलं. आमच्या क्लासची मशिनं त्याच्याही आधी भंगारात किलोवर गेली, असं गावी गेलो तेव्हा कळलं. त्या माडीवर आता मोबाइल दुरुस्ती चालते. हिंगाचा वास मात्र तसाच आहे.

हा लेखही मी त्याच अंगठ्याने टंकला आहे. प्रत्येक वाक्यानंतर दोन. तुम्हाला त्या दिसणार नाहीत, कारण वेबपानं ज्या एचटीएमएलमध्ये बनतात त्याचा नियमच असा, की एकापाठोपाठ कितीही स्पेस द्या, दाखवताना तो एकच दाखवतो. दोन दिल्या काय, दहा दिल्या काय. असू दे. सर तरी कुठे कागद बघायचे!